आंबेनळी घाटातील सायकल : एक अंश इकडे, दोन सूत तिकडे

महाड आपल्या वाचकांना नवे नाही. दरवर्षी २० मार्चला हजारो कुटुंबे चवदार तळ्यावर येतात, अभिवादन करतात, शिदोरी सोडून सावलीला बसतात आणि संध्याकाळी परतीची एस. टी. धरतात. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि ज्याच्या हक्कावर मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी शिक्कामोर्तब केले, ते तळे पाहिले की महाड पाहून झाले, असे बहुतेकांना वाटते. थोडा वेळ हाताशी असला तर महामार्गालगतची गांधारपाले लेणी पाहून होतात. परंतु महाडच्या पुढे पोलादपूर आणि पोलादपूरवरून थेट महाबळेश्वरच्या माथ्यावर चढणारा आंबेनळी घाट, हा मुलूख आपल्यापैकी थोड्यांनीच पायाखाली घातला आहे. आम्ही तो सायकलवरून पाहिला. केवळ पाहिला नाही, तर त्याच्या उतारावर सायकलीचा एकेक भाग हलवून, पुन्हा बसवून, काय होते ते करून पाहिले. त्याचीच ही हकिगत.

आम्ही पाच जण होतो. एक शाळामास्तर, एक कारखान्यातील फिटर, एक परिचारिका आणि दोन कॉलेजकुमार. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस निवडले. टेम्पोत चार सायकली टाकून महाडला उतरलो आणि तेथून पायडल मारू लागलो.

रस्ता कसा आहे?

महाड ते पोलादपूर अंतर सुमारे अठरा किलोमीटर. हा मुंबई-गोवा महामार्ग. रस्ता रुंद आहे, पण ट्रक व ट्रेलर अंगावरून गेल्यासारखे जातात, म्हणून कडेची पांढरी पट्टी सोडू नये. याच महामार्गावरील सावित्रीचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस. टी. गाड्याही गेल्या. आता तेथे नवा पूल आहे. आम्ही त्यावर घटकाभर थांबलो. कोरड्या दिवसांतली सावित्री पाहून, हीच नदी पूल घेऊन गेली हे खरे वाटत नाही.

पोलादपूर हे लहानसे तालुक्याचे गाव. कवींद्र परमानंदांची समाधी येथे आहे आणि तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ याच तालुक्यात आहे. येथे रस्त्याला फाटा फुटतो. सरळ गेले की कशेडीवरून खेड आणि डाव्या हाताला वळले की आंबेनळी. पोलादपूर ते महाबळेश्वर सुमारे चाळीस किलोमीटर भरते आणि तेवढ्यात रस्ता सुमारे बाराशे मीटर वर चढतो. प्रतापगडाकडे जाणारा फाटाही याच वाटेवर लागतो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी आणि मध्ये एका एस. टी.ला वळताना पुरा लागेल एवढाच रस्ता.

हा घाट थट्टेचा विषय नाही. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस येथेच दरीत कोसळली. तीस जण मृत्युमुखी पडले, एकच वाचला. गिर्यारोहकांनी आणि स्थानिक तरुणांनी दोर लावून मृतदेह वर काढले. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये गाव दरडीखाली गेले आणि ऐंशीहून अधिक माणसे गमावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. या डोंगरांत जे काही करायचे ते पावसाळ्याचा मान राखूनच करावे लागते.

आम्ही का गेलो?

आमच्यातील मास्तरांच्या आत्या घाटरस्त्यालगतच्या एका वाडीत राहतात. त्यांचा नातू पोलादपूरला अकरावीत शिकतो. सकाळच्या तासाला पोचवील अशी गाडी वाडीवरून नाही. पोरगा सायकलवर उतरून जातो आणि दुपारी वडापच्या टपावर सायकल टाकून वर येतो. मागच्या पावसाळ्यात वाडीतलाच दुसरा एक मुलगा उतारावर पडला आणि गळ्याचे हाड मोडून घेतले. तेव्हापासून घरात एकच विषय. वडील म्हणतात, सायकल विकून टाकू. सायकल गेली तर सकाळचे दोन तास रोज बुडणार आणि विज्ञान शाखा सोडावी लागणार, हे पोराला ठाऊक.

आत्यांनी मास्तरांना निरोप धाडला, “बाळा, तू सायकली फिरवतोस ना, मग एकदा येऊन बघ. विकायची तर विकू, पण बघून विकू.” आम्हाला हे बोलणे पटले.

प्रयोगाची रीत

फिटरदादांनी पहिल्याच संध्याकाळी नियम घालून दिला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा ते कळत नाही. जागाही तीच ठेवायची. वाडीखाली रस्त्याचा एक सरळ, सौम्य उताराचा तुकडा आहे. तेथे पहाटे गाड्या नसताना आम्ही खडूने रेघ मारली. दोन्ही टोकांना एकेक जण लाल फडके घेऊन उभा केला. रेघेवर वीसच्या वेगाने यायचे, ब्रेक दाबायचा आणि कुठे थांबलो ते पावलांनी मोजायचे. ताईंनी वही सांभाळली. प्रथमोपचाराची पेटीही त्यांच्याच ताब्यात होती आणि सुदैवाने ती उघडावी लागली नाही.

पोराची सायकल म्हणजे बिनगिअरची, सरळ हँडलची, वायरच्या ब्रेकची. पाहतो तर पुढचा ब्रेक सोडूनच ठेवलेला! विचारले तर म्हणाला, “काका, पुढचा दाबला की माणूस डोक्यावर पडतो. सगळेच काढून ठेवतात.” हा समज खेडोपाडी इतका पक्का आहे की त्यासाठी स्वतंत्र लेख लिहावा. खरी गोष्ट उलट आहे. ब्रेक दाबला की शरीराचे वजन पुढच्या चाकावर येते, मागचे चाक हलके होते. हलके चाक धरले तर ते घसरते. थांबवण्याचे बरेचसे काम पुढच्या चाकाकडूनच घ्यावे लागते. मात्र बोटांनी हळूहळू दाबत जायचे आणि ढुंगण सीटवर मागे सरकवून हात ताठ धरायचे. एकदम आवळला तर मुलाची भीती खरी ठरते.

वहीतील आकडे असे. जुन्या अवस्थेत, फक्त मागचा ब्रेक, बावीस पावले. मागचे रबर व वायर बदलल्यावर बारा. पुढचा ब्रेक जोडून, दोन्ही मिळून, वजन मागे घेऊन, सहा. बावीस पावलांचे सहा झाले तेव्हा वाडीतील दोन-चार मंडळी रस्त्यावर येऊन उभी राहिली होती.

रबराचा तिरकेपणा

ब्रेकचे रबर रिमला सपाट लागले पाहिजे असे वाटते. फिटरदादांनी ते मुद्दाम किंचित तिरके बसवले. रबराच्या मागच्या टोकाखाली लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला, ब्रेक दाबून धरला, नट आवळला आणि पुठ्ठा काढून घेतला. त्यामुळे पुढचे टोक रिमला आधी टेकते आणि जोर वाढला की सबंध रबर बसते. असे केले की ब्रेक किंचाळत नाही आणि थरथरतही नाही. जुने रबर काचेसारखे गुळगुळीत झालेले असेल तर पॉलिश कागदाने घासावे आणि कडक झाले असेल तर फेकून द्यावे. रिमचा आउट काढल्याशिवाय रबर जवळ आणता येत नाही, म्हणून तारा ओढण्याचे काम आधी. वायर गंजून नळीत अडकते, तिला तेल किंवा नवी वायर.

ब्रेकच्या लिव्हरचाही कोन असतो. दुकानातून येते तेव्हा लिव्हर बहुधा सपाट, जमिनीला समांतर असते. उतारावर शरीर मागे गेले की मनगट मोडून बोटे वर न्यावी लागतात आणि दहा मिनिटांत हात दुखतो. आम्ही ती खाली झुकवली, इतकी की हात, मनगट व बोटे एका रेषेत आली. पोराने दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, “आता दोन बोटं पुरतात.”

पायाचा कोन

आमच्यातील एका कॉलेजकुमाराकडे पायडलमध्ये खटकन अडकणारे बूट आहेत. बुटाच्या तळाला क्लीट नावाचा तुकडा असतो, तो स्क्रूने फिरवता येतो. पाय सरळ, बाहेर की आत, हे तेथे ठरते. काही क्लीटमध्ये पायाला अडकलेल्या अवस्थेतही थोडे फिरू देतात. शिमानो कंपनीच्या रस्त्यावरील पायडलच्या पिवळ्या क्लीटला सहा अंश मोकळीक, निळ्याला दोन आणि लालला शून्य. आमचा पठ्ठ्या महाडपासून लाल क्लीट लावून आला होता आणि पोलादपूरला पोचेपर्यंत त्याचा उजवा गुडघा बोलू लागला. ताईंनी त्याला ओट्यावर बसवले, पाय मोकळे लोंबू दिले आणि पाहिले. उजवे पाऊल आपसूक बाहेर झुकत होते, डावे सरळ. क्लीट तेवढी फिरवून दिली, पिवळी लावली. दुसऱ्या दिवशी तो न कुरकुरता घाट चढला.

बर्फाच्या देशांत या पायाच्या कोनावर सबंध एक खेळ उभा आहे. फळीवर दोन्ही पाय बांधून डोंगरउतारावरून येतात, तिला स्नोबोर्ड म्हणतात. १९९८ साली जपानमधील नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला. बहुतेक खेळाडू मऊ बूट घालतात आणि पाय फळीवर जवळपास आडवे ठेवतात. परंतु जे फळीची धार बर्फात रुतवून, न घसरता, रेघ ओढल्यासारखी वळणे घेतात ते कडक बूट आणि अरुंद फळी वापरतात आणि पाय पन्नास-साठ अंशांपर्यंत फळीच्या टोकाकडे वळवून बांधतात. कारण साधे आहे. अरुंद फळीवर आडवा पाय कडेबाहेर येतो आणि फळी कलली की बुटाचे टोक बर्फाला घासून माणूस आपटतो. मग पुढच्या पायाला तीन अंश जास्त, मागच्याला तीन कमी, एक टाच जरा उंच, असे करून पाहणे चालू राहते. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये चेक देशाच्या एस्टर लेडेका या तरुणीने स्की आणि स्नोबोर्ड अशा दोन्ही खेळांत सुवर्णपदक मिळवले. साधने दोन, पाय बांधण्याच्या तऱ्हा दोन, शरीर एकच.

आपल्या घाटात बर्फ नाही, पण बुटाचे टोक घासण्याचा धोका तोच आहे. वळणावर सायकल आतल्या बाजूला कलते. त्या बाजूचे पायडल खाली असेल तर ते डांबराला लागते आणि मागचे चाक उचलले जाते. म्हणून आतले पायडल वर, बाहेरचे खाली आणि बाहेरच्या पायावर सारा भार. चपलेवर चालवणाऱ्यालाही हा नियम लागू आहे. फक्त चप्पल मागे पट्टा असलेली हवी, नाहीतर नेमकी वळणावरच निसटते.

सीट आणि हवा

सीटची उंची साधी मोजावी. टाच पायडलवर ठेवून, पायडल अगदी खाली असताना गुडघा सरळ झाला की चढाला उंची बरोबर. उतरताना आम्ही ती सहा सूत खाली घेतली. वजन खाली व मागे गेल्याने पुढचे चाक घट्ट वाटले. एका कॉलेजकुमाराने हट्टाने दोन इंच खाली घेतली, तर गुडघे हँडलला लागू लागले. दोन्ही नोंदी ताईंच्या वहीत आहेत.

हवेचेही तसेच. दगडासारखे टणक टायर खडीवर उड्या मारते आणि उडालेले चाक रस्ता धरत नाही. आम्ही अरुंद टायरची हवा शंभर पौंडांवरून ऐंशीवर आणली, तेव्हा वळणावर सायकल शांत झाली. फार कमी केली तर खड्ड्यात रिम आपटून ट्यूब चिरते. हा हिशेब माणसाच्या वजनावर आणि टायरच्या रुंदीवर ठरतो, दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नये.

वळण

मास्तरांनी अंगणात खडूने गणित मांडले. पंधरा मीटर त्रिज्येचे वळण असेल तर ताशी वीस किलोमीटरच्या वेगाला सायकल सुमारे बारा अंश कलावी लागते. तीसच्या वेगाला पंचवीस अंश. चाळीसच्या वेगाला चाळीस अंश! वेग दुप्पट झाला आणि कल तिपटीहून अधिक वाढला. कोरडे, स्वच्छ डांबर बराच कल सोसते. पण वाळू, सांडलेले डिझेल, कुजलेला पाला किंवा ओल असेल तर पंचवीस अंशांचाही भरवसा नाही. पोरगा वहीत उतरवून घेत होता. हे सूत्र त्याच्या अभ्यासातच आहे, पण त्या दिवशी ते दाराशी आले.

म्हणून वळणाच्या आधी ब्रेक, वळणात ब्रेक सोडायचा आणि नजर चाकापुढे न ठेवता वळण जिथे सुटते तिथे ठेवायची. दरीकडे पाहिले तर हात दरीकडेच जातो. वळणावर एस. टी. पुरा रस्ता घेते, तिचा हक्क मानावा आणि आपण डाव्या कडेला हळू राहावे.

सलग ब्रेक धरून उतरू नये. माणूस व सायकल मिळून ऐंशी किलो धरले तर महाबळेश्वरहून पोलादपूरपर्यंत उतरताना जी ऊर्जा सुटते तिच्यावर सुमारे तीन लिटर पाणी उकळेल. त्यातील बरीच वाऱ्याशी झुंजण्यात जाते, उरलेली रिम व रबरात उतरते. रिम तापून ट्यूब फुटण्याचा धोका असतो. दाबा, सोडा, पुन्हा दाबा आणि मध्येमध्ये थांबून चहा घ्या.

घरातील निर्णय

तिसऱ्या दिवशी सकाळी पोराच्या वडिलांनी स्वतः ती सायकल घेतली, खडूच्या रेघेवर आले आणि ब्रेक दाबला. सात पावले. पुन्हा वर गेले, पुन्हा आले. मग मास्तरांना म्हणाले, “दादा, ब्रेक लागतो हे पटलं. पण पावसात घाट तोच राहणार. तेव्हा काय करायचं?”

याचे उत्तर पान्यात नव्हते. बराच वेळ बोलणे झाले. ठरले ते असे. दिवाळी ते मे सायकल चालेल, वेग वीसच्या आत. जून ते ऑक्टोबर सायकल घरी आणि पोरगा पोलादपूरला मामाकडे. पोराची आई गप्प होती, शेवटी म्हणाली, “माझ्या भावाच्या घरात आधीच सहा माणसं आहेत. तांदूळ आपण द्यायचा, तरच पाठवीन.” आत्यांनी लगेच होकार भरला. पहाटेच्या गाडीसाठी वाडीने अर्ज करायचा, हेही ठरले. अर्ज ताईंनीच लिहून दिला, सह्या वाडीने केल्या. तो मंजूर होईल की नाही, हे हा लेख लिहीपर्यंत कळलेले नाही.

नवे रबर, दोन वायरी आणि तेल मिळून तीनशे रुपयांच्या आत खर्च आला. दर रविवारी रबर, वायर, नट पाहायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायची, असे पोराने आजीला वचन दिले आहे. आजीला वाचता येत नाही, पण खूण दिसते.

जाणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पहाटे निघावे, उन्हाआधी चढ संपवावा. पोलादपूरला पाणी भरून घ्यावे. शिरस्त्राण, मागे लाल दिवा, हवा भरण्याचा पंप, पंक्चरचे सामान, पाना आणि ब्रेकची एक जादा वायर जवळ असावी. एकट्याने उतरू नये. पावसाळ्यात या घाटात सायकल अजिबात नेऊ नये. सवय नसेल त्याने एस. टी.ने वर जावे, खिडकीतून घाट पाहावा. तोही सुंदर दिसतो.

आणि वाचकहो, आपल्या घरात शाळा-कॉलेजला सायकलने जाणारे मूल असेल तर आजच संध्याकाळी त्याची सायकल अंगणात उलटी करा. पुढचा ब्रेक जोडलेला आहे का, एवढे आधी पाहा.